तालमीच्या चौकातलं विश्वचषकाचं पोस्टर: नाट्य आणायचं कुठून?

रंगकाम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

११ जून २०२६ ला फुटबॉलचा विश्वचषक सुरू होतोय. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून यजमान, ४८ संघ, १०४ सामने. या दिवसांत कोल्हापूरच्या पेठांत काय वातावरण असतं ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. आमच्या तालमीसमोर मोठा पडदा लागणार आहे आणि चौकातल्या डिजिटलचं, म्हणजे छापील फ्लेक्स फलकाचं काम माझ्याकडे आलंय. १० बाय १५ फूट, उभं.

पोरांची मागणी नेहमीची आहे. मेस्सी, रोनाल्डो, नेमार, एम्बाप्पे, मागे झगमगतं स्टेडियम, वर सोनेरी करंडक, खाली कार्यकर्त्यांचे फोटो. असे फलक मी पुष्कळ केलेत. त्यात सगळे हजर असतात, पण घडत काहीच नाही. सगळे आपल्याकडे बघत उभे. फुटबॉल मात्र पूर्ण वेळ काहीतरी घडण्याचा खेळ आहे.

म्हणून जुनी अधिकृत पोस्टरं काढून बसलो. पहिलंच घ्या, उरुग्वे १९३०. चित्रकार गिलेर्मो लाबोर्दे. एक गोलरक्षक अंग ताणून वर झेपावलाय आणि चेंडू गोलच्या वरच्या कोपऱ्यात आहे. सपाट रंगांचे मोजके तुकडे, उंच सडपातळ अक्षरं, बास. चेहरा जवळजवळ नाहीच. गंमत बघा, पोस्टरवर १५ जुलै ते १५ ऑगस्ट अशी तारीख आहे, स्पर्धा प्रत्यक्षात झाली १३ ते ३० जुलै. तारीख चुकली तरी पोस्टर शंभरीला आलं तरी ताजं आहे, कारण त्या चित्रातला चेंडू अजून आत गेलेला नाही आणि अडलेलाही नाही.

मग रशिया २०१८. इगोर गुरोविच यांनी पुन्हा गोलरक्षकच घेतला, लेव्ह याशिन. आजवर बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) मिळालेला पुरुषांतला एकमेव गोलरक्षक, १९६३ साली. चेंडू अर्धा जुना चामडी आणि अर्धी पृथ्वी. शैली १९२०च्या दशकातल्या सोव्हिएत पोस्टरांची, तिरक्या रेषांची. ८८ वर्षांच्या अंतराने दोन देशांनी तोच क्षण निवडला, हा योगायोग मला वाटत नाही.

बाकीची चांगली पोस्टरं वेगळ्या वाटेने जातात. १९८६च्या मेक्सिकोत ॲनी लीबोवित्झ यांच्या छायाचित्रात प्राचीन दगडी अवशेषांवर खेळाडूची नुसती सावली पडलीय. २०१० ला आफ्रिका खंडाचा नकाशाच माणसाचं डोकं झालाय आणि ते डोकं चेंडूकडे वर बघतंय. २०१४ ला चेंडूसाठी भिडलेले दोन पाय आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत ब्राझीलचा नकाशा. सगळ्यांत कल्पना एकच आणि बाकी जागा रिकामी.

माझं मत असं बनलंय की नाट्य निकाल न लागलेल्या क्षणात असतं. गोल झाल्यावरचा जल्लोष कितीही रंगवा, तो बघून मान वळवता येते. पण असं एकच चित्र चौकात चालेल का? अक्षरं कशी घ्यायची? आणि पोरांना कसं पटवायचं?

पेठकर

रंगकाम दादा, विचार चांगला हाय, पण पोरांची बाजू पण बघा की. आमच्याकडं अर्जेंटिनावाले आणि ब्राझीलवाले एकाच गल्लीत राहत्यात. चार वर्षं वाट बघून ते आपल्या खेळाडूचा फोटो लावत्यात. त्या चेहऱ्यावर जीव हाय त्यांचा. हितं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ असल्या गावातल्या संघांच्या नावांवर शाहू स्टेडियम भरतंय, तिथं पण चेहरा आणि रंगच चालतो. तुम्ही चेहरा काढला तर पोरास्नी वाटंल आमचा माणूस काढला.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितो. मी कॉलेजात असताना गोलात उभा राहायचो, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसवत नाही.

चेहऱ्याबद्दल आधी एक उदाहरण. १३ जून १९८२, बार्सिलोनाचं कांप नोउ, अर्जेंटिना विरुद्ध बेल्जियम, त्या विश्वचषकाचा पहिलाच सामना. स्टीव्ह पॉवेल यांनी काढलेलं मॅराडोनाचं ते छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेलं असेल: पायाशी चेंडू, समोर सहा बेल्जियन आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. एकटा सहा जणांना भिडतोय असं वाटतं ना? प्रत्यक्षात फ्री किक त्याच्याच संघातल्या आर्दिलेसने हळूच त्याच्याकडे सरकवली होती आणि ते सहा जण म्हणजे फ्री किकसमोर उभी केलेली, नुकतीच फुटू लागलेली बचावाची भिंत. सामनाही अर्जेंटिना ०-१ असा हरली. तरी ते चित्र खोटं नाही, कारण त्या काळात प्रत्येक संघ त्याला बघून तसाच घाबरायचा. आणि मॅराडोना त्यात पाठमोरा आहे. चेहरे दिसतात ते घाबरलेल्यांचे. म्हणजे ज्याच्यावर जीव आहे त्याचा चेहरा न दाखवताही त्याला मोठं करता येतं.

आता झेपेबद्दल. रंगकाम, तुम्ही गोलरक्षक घेणार असाल तर त्याचं अंग खरं हवं. फलकांवर अनेकदा हवेत आडवा तरंगणारा माणूस दाखवतात, दोन्ही हात जोडून, जणू पाण्यात सूर मारतोय. वरच्या कोपऱ्यातला चेंडू तसा अडत नाही. ज्या बाजूला झेप, त्याच बाजूच्या पायाने जमिनीला रेटा द्यायचा, दुसरा गुडघा वर ओढायचा, आणि चेंडू फारच वर असेल तर वरचा हात डोक्यावरून ओलांडून न्यायचा. त्या हाताने अंगाची पूर्ण लांबी मिळते. बोटं ताठ, मनगट किंचित मागे. डोळे चेंडूवर, कॅमेऱ्यावर कधीच नाही. ज्याने एकदा तरी गोल राखलाय तो रस्त्याच्या पलीकडून ओळखेल की हा माणूस खरा आहे.

आणि पेठकरांच्या अडचणीवर उत्तर याच्यातच आहे. नियमाप्रमाणे गोलरक्षकाचा शर्ट दोन्ही संघांच्या आणि पंचांच्या रंगांहून वेगळा लागतो. तो निळा-पांढराही नाही आणि पिवळाही नाही. अर्जेंटिनावाला आणि ब्राझीलवाला दोघंही त्याच्याखाली उभे राहू शकतात. गल्लीत भांडण न लावणारा खेळाडू संपूर्ण मैदानात तोच एक.

पेठकर

हे पटलं. हे मंडळाच्या बैठकीत सांगायला पण सोपं हाय.

अक्षरछंद

मी पुण्यात अक्षररचनेचं काम करते. चित्रावर एवढं बोलणं झालं, अक्षरांवर कोणीच नाही, आणि मराठी फलक पडतात ते बहुतेक वेळा तिथेच.

१९३०च्या पोस्टरची उंच बारीक अक्षरं पाहून तसंच देवनागरीत करायचा मोह होईल. सरळ ताणू नका. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये फॉण्ट उभा ओढला की आडव्या रेघा जाड होतात, उभ्या बारीक राहतात, आणि अक्षर आजारी दिसतं. उंच सडपातळ हवं असेल तर मुळात तसा आखलेला फॉण्ट घ्या. इंडियन टाइप फाउंड्रीचे खंड आणि तेको मोफत आहेत. जाडजूड, गुबगुबीत हवं असेल तर मुंबईच्या एक टाइपचे बलू किंवा मोदक, पण या चित्रात ते शोभणार नाहीत.

खरं सांगायचं तर मुख्य शब्दासाठी फॉण्ट वापरूच नका. हाताने काढा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत हेच आयुष्यभर केलं. नाटक विनोदी की गंभीर, हे अक्षर वाचायच्या आधीच कळायचं. २०२० साली ते गेले, पण त्यांची अक्षरं समोर ठेवून आजही शिकता येतं.

शब्द कोणता हवा? "विश्वचषक" मोठा करायला अवघड आहे. पहिल्या अक्षरावर वेलांटी, पुढे जोडाक्षर, आणि लांबी एवढी की उभ्या फलकात तो लहानच करावा लागतो. असा शब्द शोधा ज्याला वर मात्रा नाही आणि खाली उकार नाही. मग शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी सोडता येते. ती शिरोरेषाच गोलचा आडवा खांब होईल. चेंडू तिच्या खाली कोपऱ्यात, आणि बोटं तिच्याकडे येताना.

माझी सूचना: अडव!

तीन अक्षरं, वर-खाली काही नाही. मैदानात पाठीमागून सगळे हेच ओरडतात. उद्गारचिन्ह काढलंत तरी चालेल, चित्रातच ते आहे.

मापाबद्दल: फलकांच्या धंद्यात ढोबळ नियम असा की दर १० फूट अंतराला अक्षराची उंची किमान १ इंच. चौकाच्या पलीकडून, समजा १०० फुटांवरून वाचायचं तर १० इंच. देवनागरीत वर-खाली मात्रा-उकार बसवायला मूळ अक्षर लहान होतं, म्हणून मी त्यात आणखी थोडी भर घालते. वेळ आणि ठिकाण यांची ओळ याच हिशोबाने लावा, ती पायथ्याशी चिमुकली करून टाकू नका.

एका बाबतीत मात्र मी रंगकाम यांच्याशी सहमत नाही. १९८२ ला स्पेनने होआन मिरो यांच्याकडून पोस्टर करून घेतलं. तेव्हा ते नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. त्यात ना झेप, ना क्षण. काळ्या जाड रेषा आणि उसळणारे रंग. मला ते सगळ्यांत नाट्यमय वाटतं. रंगसुद्धा घडतो.

रंगकाम

अक्षरछंद ताई, "अडव" वाचल्यावर मी जागेवरून उठलो. शिरोरेषेचा आडवा खांब मला सुचला नसता.

मिरोंच्या पोस्टरमध्ये मला उत्सव दिसतो, ताण दिसत नाही, त्यामुळे आपलं मत वेगळंच राहू दे. रात्री साडेबाराला माणसाला घरातून बाहेर काढायचं तर मला ताण हवा.

हडसनपार

बरं झालं तुम्ही साडेबारा म्हणालात. मी न्यू जर्सीत राहतो, अंतिम सामना आमच्याकडेच ईस्ट रदरफर्डला आहे. तारखांचा घोळ होऊ देऊ नका. पहिला सामना ११ जूनला मेक्सिको सिटीत, ॲझ्टेका स्टेडियमवर, तिथल्या दुपारी १ वाजता. १९७० आणि १९८६ नंतर तिसऱ्यांदा त्याच मैदानावर विश्वचषकाची सुरुवात होतेय. पण भारतात तेव्हा मध्यरात्रीचे १२.३० झालेले असतील, म्हणजे तारीख १२ जून. अंतिम सामना १९ जुलैला आमच्या दुपारी ३ वाजता, तुमच्याकडे २० जुलै, पुन्हा मध्यरात्रीनंतर १२.३०. फलकावर नुसतं "११ जून, १२.३०" लिहिलंत तर निम्मे लोक एक दिवस आधी येतील किंवा भरदुपारी. "गुरुवारी रात्री, १२ वाजून गेल्यावर" असं वार धरून लिहा. ११ जून गुरुवार आहे.

दुसरं, हक्कांचं. स्पर्धेचं बोधचिन्ह, करंडकाचं चित्र, शुभंकर हे सगळं फिफाच्या नावावर नोंदलेलं आहे. इंटरनेटवरून उचललेले खेळाडूंचे फोटो छायाचित्रकारांचे किंवा वृत्तसंस्थांचे असतात. फलकावर कोणा दुकानदाराची जाहिरात आली की प्रश्न आणखी वाढतो. तुमच्या कल्पनेत यांपैकी काहीच लागत नाही, हे फार चांगलं आहे.

यंदा सोळाही यजमान शहरांनी आपापली पोस्टरं वेगळी केलीत, आणि ती तिथल्याच कलाकारांकडून. जमलं तर बघा. शहराची ओळख एका चित्रात बसवायची धडपड प्रत्येकाने वेगळी केलीय.

जुना_ब्रश

मी सिनेमाची बॅनरं रंगवण्यात आयुष्य घालवलं. आता हात थरथरतो, पण डोळा शाबूत आहे.

कोल्हापुरात पोस्टरचा विषय निघावा आणि बाबूराव पेंटरांचं नाव येऊ नये, हे बरं नाही. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांची पोस्टरं त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. ही परंपरा आपल्याच गावची आहे. बाहेरून काही आणायची गरज नाही.

उजेडाचं सांगतो. बॅनरमध्ये जान येते ती एका दिव्याने. सगळीकडून उजेड टाकला की माणूस पुठ्ठ्याचा दिसतो. एकच उजेड घ्या, मागून आणि बाजूने. कडेला उजळ रेघ येऊ द्या, बाकी अंग अंधारात. सावलीत काळा भरू नका. आम्ही सावलीला निळा, जांभळा, कधी हिरवा द्यायचो आणि उजेडाला पिवळा-नारिंगी. लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यात ते दोन रंग भांडतात आणि चित्र हलल्यासारखं वाटतं. निम्म्याहून जास्त जागा अंधाराला द्या, घाबरू नका.

आणि जमलं तर मुख्य शब्द तरी तालमीच्या भिंतीवर रंगाने काढून घ्या. गावात अजून बोर्ड रंगवणारे पेंटर आहेत. फ्लेक्स आल्यावर त्यांच्या हातचं काम गेलं. विश्वचषकाच्या निमित्ताने एकाला तरी शिडीवर चढवा.

रंगकाम

काका, नमस्कार. तुम्ही सांगितलेला उजेड तसाच्या तसा घेतोय. भिंतीचंही बैठकीत बोललो, होकार आलाय. पाऊस सुरू व्हायच्या आत ते काम करायचं.

दरम्यान फोटो झाले. आमच्याच तालमीच्या गोलरक्षकाला विचारलं, त्याने आनंदाने होकार दिला. संध्याकाळी सूर्य गोलच्या मागे गेल्यावर मी गवतात पालथा पडून, रुंद लेन्स लावून, कॅमेरा जमिनीला टेकवून फोटो काढले. शटर १/१००० सेकंदाहून वेगवान ठेवलं. मांडवीकाठ यांनी सांगितलेलं वरच्या हाताचं त्याला वाचून दाखवलं, तर म्हणाला, "हे मला आमच्या कोचनी शिकवलंय, तुम्हाला कसं माहीत?" खालून बघितल्यावर तो मुलगा आडव्या खांबाएवढा उंच दिसतो. चेहरा दंडाआड गेलाय. दिसतात ती बोटं, ताणलेली कूस आणि जमीन सोडणारा बूट, त्याच्याखाली उडालेली माती.

रचना अशी: खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणारं अंग. सगळ्यात वर "अडव", त्याची शिरोरेषा दोन्ही कडांपर्यंत. चेंडू तिच्या अगदी खाली, उजवीकडे. बोटं आणि चेंडू यांच्यात प्रत्यक्षात वीतभर अंतर. शर्ट नारिंगी, सावल्या निळ्या. कार्यकर्त्यांचे फोटो तालमीच्या दारावर वेगळ्या लहान फलकावर जातील, त्यात सगळेच खूश आहेत कारण तिथे ते मोठे दिसतात.

मंडळात एकाने विचारलं, चेंडू जातो की अडतो? त्यावर सगळे आपापसात वाद घालायला लागले आणि माझं काम तिथेच मंजूर झालं.

आता छपाईचं कोणी सांगेल का? फोटो २४ मेगापिक्सेलचा आहे. १५ फुटांवर फाटेल का, म्हणजे पिक्सेल दिसतील का?

फ्लेक्सवाला_सांगली

फाटणार नाही. तुमचा उभा फोटो ४००० बाय ६००० पिक्सेल. १० फूट म्हणजे १२० इंच, म्हणजे इंचाला ३३ पिक्सेल पडतात. हातात धरून बघितलं तर कच्चं वाटेल, पण चौकात ४० फुटांवरून काही कळत नाही. फाइल पूर्ण मापाला इंचाला ७२ पिक्सेलने केली तर ८६४० बाय १२९६० होते, तेवढी वाढवून घ्या, त्याहून जास्त करून मशीनला काही फरक पडत नाही. अक्षरं मात्र फोटोत मिसळू नका. ती वेगळी कर्व्ह करून (फॉण्टऐवजी आकाराच्या रेषा करून) द्या, म्हणजे कडा धारदार येतील आणि आमच्याकडे तुमचा फॉण्ट नसला तरी श्रीलिपी फॉण्टचा गोंधळ होणार नाही.

रंग: स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा फ्लेक्सवर मरतो, नारिंगी बऱ्यापैकी टिकतो. तुमची निवड बरोबर आहे. अंधार नुसत्या काळ्या शाईने भरलात तर राखाडी दिसेल. त्यात निळा आणि थोडा किरमिजी मिसळा. निळ्या सावलीमुळे तुमचं ते तसंही होणारच आहे. पूर्ण छापण्याआधी चेंडू आणि बोटं एवढाच दोन फुटांचा तुकडा नमुना म्हणून काढून घ्या आणि रात्री चौकातल्या दिव्याखाली धरून बघा. दुपारी दुकानात बघून पास करू नका, लोक तो रात्री बघणार आहेत.

आता गंभीर गोष्ट. जून-जुलैचा वारा आहे. १५० चौरस फुटांचं कापड शिडासारखं फुगतं. महापालिकेची परवानगी काढाच, १९९५च्या मालमत्ता विद्रूपण कायद्याखाली विनापरवाना फलकावर गुन्हा होतो. पण कागद असला म्हणून सांगाडा धरतो असं नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, ते विसरू नका. ते फार मोठं होतं, तुमचं लहान आहे, पण खाली माणसं बसणार आहेत. विजेच्या खांबाला बांधू नका. दर दोन फुटांवर आयलेट (दोरी ओवायची धातूची कडी), चारही बाजूंना पाइप, आणि शक्य असेल तर भिंतीला टेकवून लावा, मोकळ्यावर उभा करू नका.

पेठकर

तालमीच्या पूर्वेकडच्या भिंतीला लावूया, तिथं वारा कमी लागतो आणि पडद्याच्या बरोबर समोर येतंय. पाइप आणि वेल्डिंग आमच्याकडं लागलं. परवानगीचा अर्ज उद्या देतो. दादा, त्या गोलकीपरचं नाव खाली बारीक अक्षरात टाका, ताईंनी सांगितल्यापेक्षा बारीक चालंल.

अक्षरछंद

नाव टाका, पण आधी त्याला विचारून. "अडव"ची कच्ची रेखाटनं मी आज रात्री पाठवते. "ड"चं पोट चेंडूएवढं गोल ठेवलंय, ते जास्त होतंय का तेवढं सांगा.